परदेशात स्पॅनिशची शाळा निवडताना

(बी. कॉम. तृतीय वर्ष, मराठी विभाग)

परदेशात जाऊन स्पॅनिश शिकायचे तर शाळा कोणती निवडावी, या विषयावर दाजीबानपेठेत राहणाऱ्या कॉमर्सच्या विद्यार्थिनीने लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. आमच्या पेठेत स्पॅनिश कोणी बोलत नाही आणि मी स्वतः गोव्याच्या पलीकडे गेलेली नाही. पण हा प्रश्न आमच्या घरात खरोखरच उभा राहिला आणि त्याचा हिशेब मांडण्याचे काम माझ्याकडे आले.

माझी मामेबहीण पुण्यात मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. कंपनी तिला दोन वर्षांसाठी मेक्सिकोतील केरेतारो या शहरी पाठविणार आहे. कामावर रुजू होण्यापूर्वी चार आठवडे स्वतःच्या खर्चाने तेथे राहून भाषा शिकावी, असे ताईने ठरविले. मामांना हे पटले नाही. “ऑफिसात इंग्रजी चालते, मग हा भुर्दंड कशाला?” असे त्यांचे म्हणणे. ताईचे म्हणणे असे, की ऑफिसात इंग्रजी चालत असेल, पण कारखान्यात, बाजारात, दवाखान्यात आणि घरमालकिणीशी इंग्रजी चालणार नाही. दोन वर्षे मुक्याने काढायची तिची तयारी नव्हती. पैसे तिच्या साठवणीतले होते आणि ते वाया गेले तर घरातल्या आम्हां धाकट्या मुलींना पुढे काय ऐकावे लागेल, हे आम्ही दोघी जाणून होतो. “तू हिशेबातली आहेस. एवढ्यांतून एक शाळा निवडून दे,” असे म्हणून तिने शाळांच्या माहितीपत्रकांचा ढीग माझ्याकडे पाठविला. त्या ढिगातून आणि पुढील वाचनातून मला जे समजले, ते विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे ठेवते. स्पॅनिशच्या जागी जर्मन, जपानी किंवा तमिळ घातले, तरी यातले बरेचसे लागू पडेल.

भाषा कशासाठी?

माहितीपत्रकात पहिल्या पानावर समुद्रकिनारा असतो आणि दुसऱ्या पानावर हसणारे विद्यार्थी. ते मिटून ठेवून आधी स्वतःलाच विचारावे, की मला ही भाषा कशासाठी हवी आहे? स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा आहे आणि सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा. एवढ्या मोठ्या प्रदेशात ती सर्वत्र सारखी बोलली जाणे शक्य नाही. आपल्या धारवाडची कन्नड आणि मैसूरची कन्नड यांत जेवढा फरक, तेवढा तरी स्पेन आणि मेक्सिको यांच्या बोलण्यात आहे. स्पेनच्या बऱ्याच भागात ‘सी’ आणि ‘झेड’ या अक्षरांचा काही ठिकाणी दातांत जीभ धरून उच्चार करतात, तर अमेरिका खंडात तेथे सरळ ‘स’ म्हणतात. बटाट्याला स्पेनमध्ये ‘पाताता’ म्हणतात, मेक्सिकोत ‘पापा’. अर्जेंटिनात ‘तू’साठी वेगळेच सर्वनाम आहे. व्याकरणाचा सांगाडा एकच असल्याने एक बोली शिकलेल्याला दुसरी समजत नाही असे नाही. पण ज्याच्या हाती फक्त चार आठवडे आहेत, त्याने पुढे ज्या लोकांत राहायचे त्यांच्याच तोंडची भाषा शिकावी, हे शहाणपणाचे.

ज्याला परीक्षेचे प्रमाणपत्र हवे, त्याची गोष्ट वेगळी. स्पेन सरकारने १९९१ साली स्थापन केलेल्या इन्स्तितूतो सेर्वान्तेस या संस्थेमार्फत ‘देले’ नावाची परीक्षा घेतली जाते. तिचे प्रमाणपत्र कायमचे ग्राह्य असते. २०१६ पासून संगणकावर घेतली जाणारी ‘सिएले’ ही परीक्षाही आहे. तिच्या निकालाची मुदत पाच वर्षांची. या संस्थेचे केंद्र दिल्लीत आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात स्पॅनिशचे पदवीपर्यंतचे शिक्षण मिळते. म्हणजे ज्याला प्रमाणपत्र किंवा पदवी हवी, त्याने विमानाचे तिकीट काढण्याआधी रेल्वेचे वेळापत्रक पाहावे.

भाषा कशासाठी हे पक्के असले म्हणजे काय होते, याचे आपल्यातलेच उदाहरण आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीत होते. अमेरिकेत त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि इंग्रज सरकारच्या रोषामुळे मायदेश बंद झाल्यावर १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत गेले. तेथे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले, मका आणि गहू यांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगविले आहे. १९५५ मध्ये ते कायमचे भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. मेक्सिकन शेतकऱ्याला बियाणे निवडायला शिकवायचे तर त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलावे लागते. वर्ध्याकडच्या एका माणसाने परमुलखात ते केले. त्यांच्या हाती कुठल्याही शाळेचे रंगीत माहितीपत्रक नव्हते.

तोंड किती मिनिटे उघडणार?

आता हिशेबाकडे वळू. सगळ्या शाळा फी आठवड्याला सांगतात आणि आपण फीच्या आकड्यांची तुलना करतो. कॉस्टिंगच्या तासाला आपण शिकतो, की एकूण खर्च पाहून भागत नाही, दर नगामागचा खर्च काढावा लागतो. येथे नग कोणता? माझ्या मते, विद्यार्थ्याने स्वतः बोललेले एक मिनिट.

समजा, एका शाळेत आठवड्याला २० तास शिकवितात आणि वर्गात दहा जण आहेत. २० तास म्हणजे १२०० मिनिटे. त्यांपैकी निम्मा वेळ शिक्षक बोलले असे धरू. उरलेली ६०० मिनिटे दहा जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यात अवघी ६० मिनिटे येतात. दुसऱ्या शाळेत एका शिक्षकासमोर एकच विद्यार्थी आहे. तेथे तीच ६०० मिनिटे त्या एकट्याची. आता पहिल्या शाळेची फी १२,००० रुपये आणि दुसरीची २०,००० रुपये मानली, तर पहिलीत बोललेले एक मिनिट २०० रुपयांना पडते आणि दुसरीत सुमारे ३३ रुपयांना. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. पण वरवर स्वस्त दिसणारी शाळा महाग कशी पडते, ते त्यांतून दिसेल.

यात एक मेख आहे. माहितीपत्रकातला ‘तास’ हा नेहमी साठ मिनिटांचा असतोच असे नाही. अनेक ठिकाणी पाठ ४५ किंवा ५० मिनिटांचा असतो. ४५ मिनिटांचे २० पाठ म्हणजे १५ तासच झाले. तेव्हा तुलना करताना आधी सगळ्यांची मिनिटे करून घ्यावीत. आपण वेगवेगळ्या मापातले कापड मीटरवर आणतो तसे.

एकास एक शिकवण्याची ही पद्धत ग्वाटेमालात विशेष रुजली आहे. तेथील आन्तिग्वा या जुन्या राजधानीत १९६९ पासून चालत आलेली शाळा आहे आणि आज तेथे अशा शाळा पुष्कळ आहेत. मेक्सिकोतील क्वेर्नावाका हे गावही १९६० च्या दशकापासून स्पॅनिश शिकविण्याबद्दल प्रसिद्ध आहे. स्पेनमध्ये सालामान्काला मान मोठा. तेथील विद्यापीठ १२१८ सालचे आणि १४९२ साली स्पॅनिशचे पहिले छापील व्याकरण लिहिणारे नेब्रिखा तेथेच शिकवीत होते. स्पेनमध्ये मात्र गटात शिकविण्याची रीत अधिक.

गटातल्या वर्गाला काहीच अर्थ नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. चार तास एकाच शिक्षकासमोर एकट्याने बसणे डोके शिणविणारे असते. दुसऱ्याची चूक ऐकून आपणही शिकतो आणि परगावी चार सोबती मिळतात. नवशिक्याने आधी एकट्याने शिकून जीभ सैल करून घ्यावी आणि मग चार-पाच जणांच्या गटात जावे, हा मधला मार्ग मला योग्य वाटला.

गाव आणि घर

आमच्या पेठेकडे पाहा. काही घरांत मराठी, काही घरांत खत्री बोली, तुळजाभवानीच्या देवळासमोरच्या रस्त्यावर कन्नड आणि काही दुकानांत दख्खनी हिंदी. अप्पांचे कापडाचे दुकान आहे. सोलापूरकडून एखादा नवा पोऱ्या कामाला येतो, तेव्हा त्याला कन्नडचे एक अक्षर येत नसते. पहिल्या दिवशी तो आकडे शिकतो. आठवड्यात ‘एष्टु री?’ आणि ‘कडिमि माड्री’ त्याला समजू लागते आणि तीन महिन्यांत तो गिऱ्हाइकाशी घासाघीस करू लागतो. त्याला कोणी शिकविले? गिऱ्हाइकाने. बोलला नाही तर विक्री होत नाही, हीच त्याची परीक्षा आणि ती रोज असते.

उलट माझे पाहा. मराठी माध्यमाच्या शाळेत पहिलीपासून इंग्रजी विषय होता. पण पी. यू. सी. ला कॉमर्स घेतले आणि सारे इंग्रजीतून सुरू झाले, तेव्हा ‘नावे’ आणि ‘जमा’ समजणारी मी ‘डेबिट’ आणि ‘क्रेडिट’ ऐकून गप्प बसले. व्याकरणाचे गुण चांगले होते, पण तोंडातून वाक्य निघत नव्हते. इंग्रजी बोलल्यावाचून ज्याचे अडेल, असे माणूसच आजवर समोर आले नव्हते. माझ्यासारखे मराठी आणि कन्नड माध्यमातून आलेले कितीतरी जण या कॉलेजात आहेत. मी काय म्हणते ते त्यांना सांगावे लागणार नाही.

म्हणून शाळेआधी गाव पाहावे. ज्या गावात पावलोपावली इंग्रजी बोलणारा प्रवासी भेटतो, तेथे आपली जीभ आळशी होते. दुकानदार आपला चेहरा पाहूनच इंग्रजी सुरू करतो. आन्तिग्वा सुंदर खरे, पण तेथे परदेशी पाहुणे फार. त्याच देशातले केत्साल्तेनांगो हे त्या मानाने कामकाजाचे शहर आहे आणि तेथेही शाळा आहेत. हंगामही पाहावा. जुलै-ऑगस्टात युरोपच्या सुट्ट्या असतात आणि स्पेनच्या शाळा परदेशी तरुणांनी भरतात. वर्गात स्पॅनिश आणि व्हरांड्यात इंग्रजी असा प्रकार तेव्हा होतो. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आन्तिग्वात मोठ्या मिरवणुका निघतात. त्या पाहण्यासारख्या, पण खोली मिळणे मुष्किल. उंचीचाही विचार करावा. पेरूमधले कुस्को ३४०० मीटरच्या आसपास आहे. तेथे पोहोचल्यावर पहिले दिवस श्वासाशी झगडण्यातच जाऊ शकतात.

गावाइतकेच घर महत्त्वाचे. बहुतेक शाळा विद्यार्थ्याची एखाद्या कुटुंबात राहण्याची सोय करतात. वर्ग सुटल्यावर स्वयंपाकघरात जे बोलणे होते, ती दुसरी शाळाच. पण चौकशी करूनच घर घ्यावे. त्या घरात एका वेळी किती परदेशी विद्यार्थी असतात? पाच असतील तर ती खाणावळ झाली, कुटुंब नव्हे. खोलीला आतून कडी आहे का? शाळेपासून घर किती लांब आहे आणि रात्री रस्ता वाहता असतो का? घर जमले नाही तर ते बदलून मिळते का? मुलीच्या बाबतीत हे प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. आम्ही ते स्पष्ट विचारले आणि ज्या शाळेने नीट उत्तर दिले नाही, तिचे नाव यादीतून काढले.

शाकाहारी माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. “मी मांस खात नाही” एवढे सांगून मेक्सिकोत भागत नाही, कारण पुष्कळ घरांत ‘कार्ने’ म्हणजे गाईचे किंवा डुकराचे मांस, कोंबडी त्यात धरीत नाहीत. शिवाय तेथे घेवड्याची उसळ बऱ्याचदा ‘मान्तेका’ घालून करतात आणि मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. म्हणून ताईने पाठ केलेले पहिले लांब वाक्य असे: “नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी मान्तेका.” म्हणजे मी मांस, कोंबडी, मासे, चरबी काहीच खात नाही. एवढे सांगितले की पुढे अडचण फारशी नाही. मक्याची तोर्तिया ही आपल्या जोळद रोट्टीची धाकटी बहीणच. सोबत घेवडा, भात आणि मिरची आहेच. आपण ब्याडगीच्या मिरचीचा अभिमान मिरवतो, पण मिरचीचे मूळ घर मेक्सिकोकडचे. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली.

शाळेला विचारायचे प्रश्न

गाव ठरले की शाळेला पत्र लिहावे. आम्ही पाठविलेल्या पत्रातले मुख्य प्रश्न असे होते.

एक, पाठ किती मिनिटांचा आणि वर्गात जास्तीत जास्त किती विद्यार्थी? ‘सरासरी किती’ असे विचारू नये. सरासरीत मोठा वर्ग लपून जातो.

दोन, अगदी नवशिक्यांचा वर्ग कोणत्या तारखेला सुरू होतो? बहुतेक शाळा दर सोमवारी विद्यार्थी घेतात, पण काही शाळांत ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी ठराविक तारखा असतात.

तीन, फीमध्ये काय काय आले? नोंदणी, पुस्तके, विमानतळावरून आणणे, परीक्षा यांचे पैसे निराळे असतील, तर ते मिळवून मगच तुलना करावी. मध्ये सार्वजनिक सुट्टी आली तर तो पाठ भरून देतात का, हेही विचारावे. गटाच्या वर्गात तो बहुधा बुडतो.

चार, आठवड्याची फी आठवड्याला घेतात की सगळी आधीच? शक्य असेल तेथे एका आठवड्याचेच पैसे भरावेत. शिक्षकाशी जमले नाही तर बदलून मिळेल का, आणि आजारी पडल्यास पैसे परत मिळतील का, याचे उत्तर लेखी घ्यावे.

पाच, शिक्षक कायम आहेत की हंगामापुरते आणि त्यांना फीतला किती वाटा मिळतो? हा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल. पण ज्या शिक्षकाचे पोट भरत नाही, तो पुढच्या महिन्यात तेथे नसतो. ग्वाटेमालात काही शाळा शिक्षकांनीच सहकारी तत्त्वावर चालविल्या आहेत. सहकाराच्या प्रदेशात वाढलेल्या आपल्याला त्याचे अप्रूप वाटायला नको.

सहा, मान्यता कोणाची? इन्स्तितूतो सेर्वान्तेस शाळांची तपासणी करून मान्यता देते. ती असली तर किमान दर्जाची खात्री असते. नसली म्हणून शाळा वाईट ठरत नाही, पण मग जुन्या विद्यार्थ्यांशी बोलून घ्यावे.

पातळीविषयीही जाणून घ्यावे. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीप्रमाणे परकीय भाषेच्या सहा पायऱ्या आहेत, ए-१ पासून सी-२ पर्यंत. ‘चार आठवड्यांत अस्खलित स्पॅनिश’ असे जी शाळा लिहिते, तिचे पत्रक तेथेच ठेवून द्यावे. चार आठवड्यांत नवशिक्या पहिली पायरी चढून दुसरीवर पाय टेकतो. यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवली तर निराशा पदरी येते आणि मामांसारख्यांचे म्हणणे खरे वाटू लागते.

व्हिसाचे नियम देशागणिक निराळे आहेत आणि ते बदलतात. त्या त्या वकिलातीकडून खात्री करून घ्यावी. स्पेनपुरते सांगायचे, तर शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. त्याहून मोठा अभ्यासक्रम असेल तर विद्यार्थ्याचा व्हिसा घ्यावा लागतो.

मराठीचे भांडवल

जाण्याआधी घरी काय करावे? येथे आपल्याकडे बरेच भांडवल आहे, त्याची आपल्याला जाणीव नसते. इंग्रजांना स्पॅनिशचे ‘त’ आणि ‘द’ जमत नाहीत, कारण त्यांची जीभ ‘ट’ आणि ‘ड’ यांच्या जवळ जाते. आपले ‘त’ आणि ‘द’ थेट तेच. खणखणीत ‘र’ आपल्याला शिकावा लागत नाही. ‘मान्याना’ म्हणजे उद्या, यातला ‘न्य’ आपल्या ओळखीचा. म्हणून उच्चारांची टाचणे इंग्रजी अक्षरांत न ठेवता देवनागरीत ठेवावीत, असे मी ताईला सांगितले.

व्याकरणातही तेच. ‘मे गुस्ता एल काफे’ याचा शब्दशः अर्थ ‘मला कॉफी आवडते’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही रचना उलटी वाटते, कारण तेथे ‘मी’ कर्ता असतो. मराठीत ‘मला आवडते’ आणि कन्नडमध्ये ‘ननगे इष्ट’. आपल्याला ते सरळच वाटते. समोरच्या माणसाला ‘तू’ म्हणावे की ‘उस्तेद’, हा तेथला प्रश्न म्हणजे आपला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा, किंवा धारवाडी कन्नडमधल्या मागे लागणाऱ्या ‘री’चा. नामांना लिंग आहे, तेही दोनच. तीन लिंगे सांभाळणाऱ्या मराठी माणसाला दोनांचे काय भय? ‘असणे’ या एका क्रियापदासाठी तेथे दोन आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. तेथे मात्र मेहनत करावी लागते.

शब्दांचेही नाते निघते. स्पॅनिशची सख्खी बहीण पोर्तुगीज. तिने गोव्यातून आपल्याला बटाटा, पाव, चावी असे शब्द दिले. आपला ‘पगार’ही तिचाच. स्पॅनिशमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला तेवढा एक शब्द फुकट मिळाला!

शिवाय आज घरी बसून संगणकावर मेक्सिको किंवा ग्वाटेमालाच्या शिक्षकाकडून शिकता येते. मेक्सिको शहराची वेळ आपल्या साडेअकरा तास मागे आहे. आपल्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे तेथे सकाळचे साडेसात. नोकरी सांभाळून रोज एक तास असा काढता येतो. आकडे, वार, रस्ता विचारणे, जेवण मागणे, वर्तमानकाळाची क्रियापदे एवढे येथेच करून जावे. परदेशातला पहिला आठवडा ‘एक, दोन, तीन’ म्हणण्यात घालवला, तर विमानभाड्याचा तेवढा भाग वाया गेला असे समजावे.

शाळा हवीच कशाला?

कोणी विचारील, पेठेतला पोऱ्या शाळेवाचून कन्नड शिकतो, तर ताईने शाळेचे पैसे का भरावेत? याचेही उत्तर त्याच दुकानात आहे. आमच्याकडे वीस वर्षे काम केलेले एक काका कन्नड फडाफडा बोलतात, पण कन्नड पावती वाचायची झाली की ती माझ्या हातात देतात. कानाने शिकलेली भाषा गल्ल्यापुरती पुरते, कागदापर्यंत पोहोचत नाही. ताईला कामगारांशी बोलायचे आहे, तसाच घरभाड्याचा करारही वाचायचा आहे. रस्ता बोलायला लावतो, शाळा वाचायला लावते आणि चूक कोठे झाली ते सांगते. दोन्ही हवीत.

परक्या भाषेत खोलवर गेलेल्यांनी दोन्ही केले आहे. इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, लोकांत राहून आपली भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे मराठीतले क्रिस्तपुराण छापले गेले. कोकणीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. ते त्यांच्या पश्चात १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मनीचे फर्डिनांड किटेल १८५३ मध्ये बासेल मिशनतर्फे कर्नाटकात आले, धारवाडच्या बाजूला लोकांत वावरले, पंडितांकडे बसले आणि १८९४ साली त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. आणि घरात मराठी असलेले धारवाडचे द. रा. बेंद्रे कन्नडचे वरकवी झाले आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, हे या जुळ्या शहरात कोणाला सांगायला नको.

असो. आमचा निर्णय असा झाला, की ताईने येथून तीन महिने रोज एक तास शिकून पहिली पायरी पुरी करावी. मग मेक्सिकोतल्याच ग्वानाह्वातो या विद्यापीठाच्या गावी चार आठवडे राहावे, कारण ते केरेतारोपासून फार लांब नाही आणि तेथे ऐकलेली बोली पुढे कामाला येईल. ऑक्टोबर टाळावा, कारण त्या महिन्यात तेथे १९७२ पासून सेर्वान्तेसच्या नावाचा मोठा महोत्सव भरतो आणि गाव पाहुण्यांनी भरून जाते. पहिले दोन आठवडे एकटीने शिकावे, पुढचे दोन लहान गटात. राहणे एका कुटुंबात, जेथे दुसरा परदेशी विद्यार्थी नसेल. पैसे आठवड्याला भरावेत. हा सारा हिशेब कागदावर मांडून मामांना दाखविला. त्यांनी तो दोनदा वाचला, बेरीज तपासली आणि “बोललेल्या मिनिटाचा भाव काढलास, हे बरे केलेस,” एवढेच म्हणाले. आमच्या घरात याला परवानगी म्हणतात.

आपल्यापैकी फार थोड्यांना मेक्सिकोला किंवा स्पेनला जाण्याची संधी मिळेल. पण भाषा शिकण्याची जागा निवडण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो. कोणी बंगळूरला नोकरीला जाईल, कोणी चेन्नईला, कोणी नुसते मराठी वर्गातून इंग्रजी वर्गात. तेव्हा इमारत आणि फी पाहण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: तेथे मला रोज किती वेळ बोलावे लागेल, आणि माझी चूक मला कोण समजावून सांगेल? कॉलेजच्या याच अंकात पुढे कन्नड विभाग आहे. मराठी विभाग वाचून अंक मिटणारे आपल्यात बरेच आहेत आणि तिकडेही असतील. त्यातला एक तरी लेख वाचावा आणि अडलेला शब्द शेजारच्या बाकावरच्या मित्राला विचारावा. या शाळेला फी नाही, आणि शिक्षक शेजारीच बसलेला आहे.